वकीलसाहेबांची घरं

आमच्या घरात त्या माणसाचं नाव कोणी घेत नसे. आई त्यांना 'वकीलसाहेब' म्हणायची, म्हणून बाबाही म्हणायचे आणि मीही. अमेरिका नावाचा देश ज्यांनी उभा केला त्या पहिल्या पिढीतले ते एक. आधी गावातले वकील, मग युरोपातल्या दरबारांमध्ये आपल्या नव्या देशाचे प्रतिनिधी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. "पेशवाईत परक्या दरबारी राहणाऱ्यालासुद्धा वकीलच म्हणायचे," आई सांगायची, "म्हणजे हे दोन्ही अर्थांनी वकील." पुण्यात ती कॉलेजात इतिहास शिकवायची. बाबांना तोक्योतल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि आम्ही तिथल्या ओजिमा भागात राहायला आलो, तेव्हा तिने नोकरी सोडली. काही वर्षं घरात काढल्यावर तिने इथल्याच एका विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय होता वकीलसाहेबांचं आयुष्य आणि त्यांची घरं. पुण्याहून फोन आला की काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, विचारायचे, "जपानात राहून अमेरिकेचा इतिहास? तो कशाला?" आई हसून म्हणायची, "दोन्हीकडून लांब आहे ना, नीट दिसतं."

आम्ही राहायचो ते सरकारी वसाहतीतलं घर अकराव्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये सरकती कागदी दारं आणि पुढे एक लांबट गॅलरी. उन्हाच्या दिवशी सकाळी सगळ्या इमारतीतून गाद्या झटकण्याचा धपधप आवाज यायचा. संध्याकाळी वॉर्डच्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारी धून वाजायची आणि तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास जिन्यापर्यंत पोचायचा. तांदूळ इथला, चिकट. आमटी मात्र पुण्याची, आमसूल घातलेली. मुळ्याचा पाला इथली माणसं दुकानातच तोडून टाकायला सांगायची, आई तो मागून आणायची आणि डाळ घालून भाजी करायची. लाल भोपळ्याऐवजी हिरव्या सालीचा इथला काबोचा मिळायचा. त्याचे घारगे गूळ न घालताही गोड व्हायचे. त्या सरकत्या दारांवर आईने वकीलसाहेबांच्या घरांचे नकाशे चिकटवले होते. झोपण्याच्या खोलीत जायचं तर त्यांचं जन्मघर बाजूला सरकवावं लागायचं.

जेवताना ती त्या घरांविषयी बोलायची. उतरत्या छपराचं लाकडी जन्मघर, त्याच्या शेजारीच लग्नानंतरचं घर, पुढच्या खोलीत कचेरी. बंदराच्या शहरातली भाड्याची घरं, जी ते घ्यायचे आणि सोडायचे. पॅरिसजवळचा प्रचंड बंगला, ज्यात हाक मारली तर ऐकू जायची नाही. मग लंडनमध्ये असतानाच गावाकडे एक घर विकत घेतलं. पूर्वी बाहेरून पाहिलेलं, चांगलं ऐसपैस आहे असं मनात धरलेलं. परत येऊन पाहतात तर छत बुटकं आणि खोल्या लहान. मग राष्ट्राध्यक्षांसाठी बांधलेला वाडा, तोही अर्धवट. त्याच्या सगळ्यांत मोठ्या दालनात त्यांच्या बायकोने दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. हे मला फार आवडायचं, कारण पावसाळ्यात आमच्याही दोऱ्या त्या नकाशांवरूनच जायच्या.

"पण ते घरी असायचे कधी?" मी एकदा विचारलं.

"फारसे नाहीत," आई म्हणाली. "वर्षानुवर्षं नाहीत. शेती, मुलं, गडीमाणसं, डागडुजी, सगळं तिने पाहिलं. ते राजधानीत असताना तिने घराला एक नवा भागच बांधून घेतला. पुस्तकांत मात्र लिहितात, त्यांचं घर."

"म्हणजे तुझा प्रबंध तिच्यावर आहे," बाबा म्हणाले.

"घरांवर आहे," आई म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

मग तो मोठा भूकंप झाला. मी शाळेत होते, आई विद्यापीठाच्या ग्रंथालयात, बाबा शिंजुकूकडच्या एका उंच इमारतीत. आमच्या शाळेत मैदानावर नेऊन बसवलं, डोक्यावर भूकंपासाठी ठेवलेली गादीची टोपी. मला भीतीपेक्षा थंडीच जास्त आठवते. आई चालत येऊन मला घेऊन गेली. गाड्या बंद होत्या, त्यामुळे बाबा हजारो माणसांबरोबर चालत घरी आले. आले आणि दारातच खाली बसले. बूट काढायला वाकले आणि तसेच थांबले. आईने त्यांचे बूट काढले. "इमारत झुलत होती, नीला," ते म्हणाले, "थांबतच नव्हती." त्या दिवशी त्यांनी तेवढंच सांगितलं, आणि त्यानंतर कितीतरी काळ काहीच नाही.

पुढच्या दिवसांत आमच्या वसाहतीतली, जवळच्या फुनाबोरीतली, हिगाशी-कसाईतली बहुतेक भारतीय कुटुंबं मिळेल त्या विमानाने निघून गेली. आम्हीही काही आठवडे पुण्याला जाऊन आलो. परतलो तेव्हा स्टेशनावरचे निम्मे दिवे वीज वाचवण्यासाठी बंद होते, सरकते जिने थांबलेले होते, दुकानात पाण्याच्या बाटल्या माणशी मोजून मिळत होत्या. हळूहळू सगळं पूर्ववत झालं, पण बाबा काही झाले नाहीत. दाराशी त्यांनी अचानक निघावं लागलं तर घ्यायची पिशवी भरून ठेवली. तशी सगळ्यांकडेच असायची. उशाशी हेल्मेट ठेवलं. तेही काहीजण ठेवत. पण बाबा घरातही सतत छताच्या दिव्याच्या दोरीकडे बघत बसायचे. इथे खोलीतला दिवा दोरी ओढून लावायचा असतो. ती हलतेय का, की आपल्यालाच वाटतंय, हे ते त्या दोरीवरून ठरवायचे. जेवताना घास हातात, नजर वर. मी काही सांगायला गेले तर "हं" म्हणायचे, आणि मी गप्प झाले तरी त्यांना कळायचं नाही.

छोटे धक्के येतच होते. एकदा संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो असताना तिघांचेही फोन एकदम तो किंचाळणारा इशारा देऊ लागले. बाबा क्षणात टेबलाखाली गेले. धक्का येऊन गेला, भांडी थोडी वाजली, दोरी हलायची थांबली, तरी ते बाहेर आले नाहीत. मी आईकडे पाहिलं. तिने आधी बाबांचं ताट खाली सरकवलं, मग माझं, मग स्वतःचं, आणि तीही टेबलाखाली जाऊन मांडी घालून बसली. आम्ही तिघांनी तिथे जेवण पुरं केलं. ताकाची वाटी हातातून हातात गेली.

"तुझे वकीलसाहेब युरोपला जाताना बोटीवर घाबरले होते का गं?" बाबांनी विचारलं.

"त्यांचं नक्की माहीत नाही," आई म्हणाली. "तिला मात्र समुद्राची फार धास्ती होती. त्यांनी बोलावलं तरी किती वर्षं गेली नाही."

"मग?"

"मग एकदा गेली."

 बाबांनी ताटातला शेवटचा भात बोटांनी गोळा केला आणि बराच वेळ खाल्ला नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी सरकत्या दाराच्या पलीकडे गृहपाठ करत होते आणि स्वयंपाकघरात ते दोघं बोलत होते. कागदी दारातून सगळंच ऐकू येतं. बाबा म्हणाले, "मला इथे झोप लागत नाही, नीला. ऑफिसात लिफ्टमध्ये शिरलो की हात गार पडतात. मला नाही जमणार इथे."

"मग तू पुण्याला जा," आई म्हणाली.

"आणि तू?"

"माझं दोन वर्षांचं काम राहिलंय, सुहास. आता सोडलं तर परत होणार नाही. मधुराचीही शाळा आहे."

"सगळे विचारतील. दादा विचारेल. काय सांगू, घाबरून पळून आलो?"

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "सांग, कॉन्ट्रॅक्ट संपलं. आणि नीलाला प्रबंध पुरा करायचाय, ती यायला तयार नाही, म्हणून सांग. तेही खोटं नाही."

बाबांनी तसंच सांगितलं. ते पावसाळा संपताना गेले. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं तेव्हा मी हात खालीच ठेवले. मला ते तेव्हा बरोबर वाटलं होतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत पुण्याहून जे जे फोन आले त्यांत एकच विषय असायचा. काका स्पष्ट बोलायचे. "नीलिमा, नवरा इथे माझ्याकडे डबा खाऊन दिवस काढतोय आणि तू तिथे पुस्तकं वाचतेस. शोभतं का?" आई म्हणायची, "हो, दादा. थोडं राहिलंय." आत्या रडायची. आईची स्वतःची बहीणसुद्धा म्हणाली की पदवी काय म्हातारपणी चाटायची आहे. आई सगळ्यांना "हो" म्हणायची आणि फोन ठेवून कांदा चिरायला घ्यायची. दिवसा ग्रंथालय, संध्याकाळी एका शिकवणीवर्गात मुलांना इंग्रजी शिकवण्याचं अर्धवेळ काम, आल्यावर कचरा वेगवेगळा करणं, माझा डबा. ती वाळली होती. मी तिच्याशी जपानीतच बोलू लागले होते. तिने मराठीत विचारायचं, मी जपानीत उत्तर द्यायचं. पण एक प्रश्न मी मराठीत विचारला, कारण तो मला जपानीत विचारता आला नाही.

"तू त्यांना खरं का सांगत नाहीस? तू त्यांना सोडलं नाहीस. तेच गेले."

"ते मी सांगायचं नाही," आई म्हणाली.

"का? सगळे तुला बोलतात."

"बोलू देत. मला त्याने काही होत नाही. त्याला होईल."

मला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटलेलं नाही. तिला काही होत नव्हतं हेही खरं नव्हतं. मी तिला एकदा स्टेशनबाहेरच्या बाकावर फोन बंद करून नुसती बसलेली पाहिलं होतं.

बाबांनी पुण्यात फ्लॅट घेतला. इतकी वर्षं घ्यायचा म्हणत होते तो. ते आईला फोटो पाठवायचे, ओट्याची उंची विचारायचे, पुस्तकांसाठी कुठली भिंत ठेवू म्हणून विचारायचे. आई नकाशा छापून घेऊन त्यावर पेन्सिलने खुणा करायची. तो नकाशाही तिने दारावर चिकटवला, वकीलसाहेबांच्या बुटक्या छताच्या घराखाली. वास्तुशांतीचा मुहूर्त काकांनी काढला आणि तो नेमका आईच्या प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात आला. आईने विचारलं, "थोडा पुढे नाही का घेता येणार?" काका म्हणाले, "पुढे महिनेच्या महिने मुहूर्त नाही. तुझ्यासाठी पंचांग बदलू का?" बाबा मध्ये काही बोलले नाहीत.

वास्तुशांतीचा दिवस रविवार होता. पुण्यात सकाळ, आमच्याकडे दुपार. आईने हिरवी रेशमी साडी नेसली, केसांत माळायला इथे गजरा नाही म्हणून गॅलरीतल्या कुंडीतलं एक पांढरं फूल खोचलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. मलाही कुडता घालायला लावलं. पडद्यावर नव्या घराचा हॉल दिसत होता. तोरण, पाट, नातेवाईक, आतेभावाच्या हातातला हलणारा फोन. बाबा सोवळं नेसून पाटावर बसले होते. दोन वर्षांत त्यांचे केस किती पांढरे झालेत हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या शेजारचा पाट रिकामा होता.

गुरुजींनी विचारलं, "यजमानीणबाई?"

"त्या जपानात आहेत," काका म्हणाले. "सुपारी ठेवा."

गुरुजींनी तबकातली सुपारी घेतली, रिकाम्या पाटावर थोडे तांदूळ घातले आणि त्यावर ती ठेवली. हळदकुंकू वाहिलं. बायको हजर नसली की असं करतात, हे मला आईने नंतर सांगितलं. तेव्हा मला इतकंच दिसलं की तिथे आईच्या जागी एक सुपारी आहे, आणि इथे आई साडी नेसून, फूल खोचून बसली आहे. तिने टेबलाची कड धरली होती. कोणीतरी हसून काहीतरी बोललं. काका म्हणाले, "काय करणार गुरुजी, नवऱ्यापेक्षा पदवी मोठी. बरी आहे ही सुपारी, उलटून बोलत तरी नाही." दोघंतिघं हसले.

बाबांनी हात जोडलेले होते. ते त्यांनी खाली घेतले. "थांबा गुरुजी," ते म्हणाले.

"काय झालं रे?" काकांनी विचारलं.

बाबा उभे राहिले. त्यांचा आवाज लहानच होता. आम्हाला नीट ऐकू येण्यासाठी आईने लॅपटॉप जवळ ओढला. "दादा, तिने मला सोडलं नाही," ते म्हणाले. "कॉन्ट्रॅक्ट संपलं नव्हतं. मीच निघून आलो. भूकंपानंतर मला तिथे राहवेना. मला भीती वाटायची. रोज वाटायची. तीसुद्धा तिथेच होती, पोरसुद्धा तिथेच होती, आणि मी आलो. दोन वर्षं तुम्ही तिला बोलताय आणि मी इथे बसून ऐकतोय."

 फोन धरणाऱ्या आतेभावाचा हात खाली गेला असावा, कारण पडद्यावर नुसती फरशी दिसू लागली. फरशीवरून बाबांचा आवाज आला, "ही सुपारी उचला, गुरुजी. ती आली की करू."

"अहो, पण अर्धवट..." गुरुजी म्हणाले.

"असू दे अर्धवट."

मग संपर्क तुटला. आई तशीच बसून राहिली. मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. केसांतलं फूल काढून तिने पाण्याच्या पेल्यात ठेवलं आणि म्हणाली, "तो आता जेवणार नाही. त्याला कोणीतरी जेवायला वाढलं पाहिजे." थोड्या वेळाने आत्याचा फोन आला. स्वयंपाक झालेलाच होता, मसालेभात, जिलबी. माणसं जेवून गेली. काका न जेवता गेले. आत्या म्हणाली, "नीलिमा, मी वाढलं गं त्याला. जेवला." 

त्या आठवड्यात आईने प्रबंध सादर केला. पुढे तोंडी परीक्षेच्या दिवशी तिचे वृद्ध मार्गदर्शक, ओगावा सेन्सेई, यांनी सगळ्यांत शेवटी विचारलं की या इतक्या घरांमधलं वकीलसाहेबांचं स्वतःचं घर कोणतं मानायचं. आई घरी येऊन सांगत होती, "मी म्हटलं, मला ठरवता आलेलं नाही. गावाकडच्या त्या बुटक्या छताच्या घरात ते बायको गेल्यावरही बरीच वर्षं राहिले आणि तिथेच वारले, म्हणून लोक ते म्हणतात. पण आधी कितीतरी वर्षं ते घर तिने एकटीने सांभाळलं, हे पाहिलं तर मला सांगता येत नाही." सेन्सेई म्हणाले म्हणे, ठीक आहे, ठरवता न येणाऱ्या गोष्टी ठरवता येत नाहीत असंच लिहिलं आहे.

परीक्षेला बाबा येणार होते. तिकीट काढलं होतं. मुंबईच्या विमानतळापर्यंत आले आणि तिथून त्यांनी फोन केला, की पाय पुढे जात नाहीत. आई म्हणाली, "बरं. घरी जा. आम्ही येतोच आहोत." तिच्या आवाजात राग नव्हता. मी या वेळी फोन मागून घेतला आणि म्हणाले, "बाबा, काही खाल्लंत का?" दोन वर्षांनी मी त्यांच्याशी आपणहून बोलले ते हे वाक्य.

वसंतात आम्ही पुण्याला आलो. नव्या घराची वास्तुशांती गुरुजी आणि आम्ही तिघं एवढ्यांतच झाली. काका पूजेला आले नाहीत, जेवणाच्या वेळी आले, आणि आईने वाढलेलं मुकाट्याने जेवले. माफी वगैरे कोणी मागितली नाही. आई आणि बाबा लगेच पूर्वीसारखे झाले असंही नाही. दोघंही एकमेकांच्या सवयी विसरले होते. ती चहा टाकायची तेव्हा त्यांचा झालेला असायचा. मला तर ते घर परक्याचंच वाटायचं. माझं मराठी अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं होतं, कॉलेजात मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. बाबा रोज संध्याकाळी माझ्याकडून शुद्धलेखन लिहून घेऊ लागले. त्या वेळी ते बोलायचे. उंच इमारत कशी झुलली, बाजूचा माणूस कसा देवाचं नाव घेत होता, त्यांनी मला फोन लावायचा प्रयत्न किती केला. पहिल्यांदा मी ते सगळं ऐकलं.

आज मी परत तोक्योत आहे, नोकरीसाठी, हिगाशी-कसाईच्या एका इमारतीत. हे लिहिताना मी हळूहळू आईच्या तेव्हाच्या वयाकडे चालले आहे. नोकरीचं पत्र आलं तेव्हा मला सगळ्यांत जास्त काळजी बाबांना कसं सांगायचं याची होती. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जा." मुंबईला सोडायला दोघंही आले. आत जाण्याच्या दारापाशी बाबांनी माझी बॅग धरून ठेवली होती, सोडत नव्हते.

"तिथे भीती वाटली तर कोणाला तरी सांग," ते म्हणाले. "शेजाऱ्याला सांग, ऑफिसात सांग, मला फोन कर. कोणालाही. मी सांगितलं नाही ना, म्हणून ती वाढत गेली."

मी "हो" म्हटलं आणि या वेळी दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारली.

आईने नंतर फोनवर सांगितलं, की मी आत गेल्यावरही ते बाहेर बराच वेळ थांबले. मग गाडीत बसले आणि म्हणाले, "नीला, मला आत्ता फार भीती वाटतेय." ती गाडी चालवत होती. लोणावळ्यापर्यंत ते बोलत होते, आणि ती ऐकत होती.